विनोदी रॉक बँड किती वर्षे टिकतो? ‘बॉन्झो डॉग’ बँडची हकिगत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : सहा जणांचा तुमचा रॉक बँड गमतीची गाणी करतो, दोन वर्षांपूर्वी त्यातले एक गाणे अनपेक्षितपणे गाजले आणि आता जिथे जाल तिथे तेवढे एकच गाणे मागितले जाते. निम्म्या सभासदांना वाटते की नव्याचे नऊ दिवस संपले, आता गंभीर संगीताकडे वळावे; उरलेल्यांना विनोद सोडायचा नाही. अशा बँडचे पुढे काय होते, तो कशामुळे संपतो आणि त्यातल्या माणसांचे नंतर काय होते, हे एखाद्या खऱ्या उदाहरणावरून सांगावे, असे तुम्ही म्हटले आहे.

मी अठ्ठावीस वर्षे बास गिटार वाजवतो आणि संगीत संयोजन करतो. त्यांपैकी अकरा वर्षे विनोदी गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या एका चमूबरोबर गेली. माझे मत आधीच सांगून टाकतो. विनोद शिळा झाल्यामुळे असे बँड मोडतात, हा समज मला चुकीचा वाटतो. नवा विनोद रचायला आणि तो संगीतात बसवायला जो वेळ लागतो, तो वेळच हळूहळू हातातून जातो आणि मग बँड मोडतो. हे ज्याच्या वाटचालीत मला सर्वांत स्वच्छ दिसते तो बँड म्हणजे १९६०च्या दशकातला लंडनचा ‘बॉन्झो डॉग डू-डा बँड’. त्याच्या काही गाण्यांचे मी ऐकून ऐकून स्वरलेखन केलेले आहे, त्यामुळे उदाहरण एकच घेतो, पण ते नीट सांगतो.

हा बँड लंडनच्या कला महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांचा. सप्टेंबर १९६२मध्ये सोनी लिस्टन आणि फ्लॉइड पॅटरसन यांच्या मुष्टियुद्धाचे अमेरिकेहून होणारे प्रक्षेपण रात्री रेडिओवर ऐकता ऐकता सॅक्सोफोन वाजवणारा रॉडनी स्लेटर आणि पुढे बँडचा चेहरा ठरलेला व्हिव्हियन स्टॅनशॉल यांची मैत्री जुळली. कागदावर शब्द लिहायचे, कागद फाडायचे आणि तुकडे वाटेल तसे जुळवायचे, या दादावादी कलावंतांच्या (‘दादा’ ही तर्क आणि शिष्टसंमत कला यांची खिल्ली उडवणारी कलाचळवळ) लाडक्या खेळातून बँडचे नाव निघाले. बॉन्झो हे जॉर्ज स्टडी या चित्रकाराने १९२०च्या दशकात लोकप्रिय केलेले कुत्र्याचे पिल्लू होते, ते इंग्लंडमध्ये सर्वांना ठाऊक होते. ‘दादा’ म्हणजे काय, हे मात्र भेटेल त्याला समजावून सांगावे लागे. त्याचा कंटाळा येऊन त्यांनी ‘दादा’चे ‘डू-डा’ केले. पियानो वाजवणारा आणि गाणी रचणारा नील इनेस गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातून आला. रॉजर रस्किन स्पिअर हा रस्किन स्पिअर या नामवंत चित्रकाराचा मुलगा. तो सॅक्सोफोन वाजवी आणि रंगमंचासाठी हलणारे, धूर सोडणारे यंत्रपुतळे तयार करी. ‘लेग्ज’ लॅरी स्मिथ ड्रम सोडून मध्येच पुढे येई आणि टॅप नृत्य करी. मार्टिन ॲश चमचे वाजवत असे, म्हणून त्याचे नावच सॅम स्पून्स पडले.

सुरुवातीला हा रॉक बँड नव्हताच. जुन्या बाजारात अगदी नगण्य किमतीला मिळणाऱ्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या ही मुले शोधून आणत, त्यांतली १९२० आणि १९३०च्या दशकांतली गमतीची नृत्यगीते बसवत आणि ट्युबा, बँजो, सॅक्सोफोन, चमचे अशा साहित्यावर दारूच्या गुत्त्यांत वाजवत. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीचा पाया हाच. दुसऱ्या कोणाजवळ नसलेला गाण्यांचा साठा त्यांच्याजवळ होता आणि तो त्यांनी स्वतः हिंडून जमवला होता. विनोदी बँड काढणारे बहुतेक तरुण पोशाखापासून सुरुवात करतात आणि गाण्यांकडे शेवटी येतात. बॉन्झोंकडे पोशाख आधीपासून असले, तरी ते त्या तबकड्यांतल्या काळाचे होते, म्हणजे संगीतातूनच आलेले होते.

१९६६मध्ये पार्लोफोन कंपनीने त्यांची दोन एकल गाणी (सुट्या तबकडीवरची, म्हणजे ‘सिंगल्स’) काढली, पण ती चालली नाहीत. पोट भरत होते ते उत्तर इंग्लंडमधल्या कामगारांच्या क्लबांतल्या कार्यक्रमांवर. तिथला प्रेक्षक दिवसभर राबून आलेला असतो आणि पहिल्या दोन मिनिटांत हसू आले नाही तर तो पुन्हा गप्पांकडे वळतो. अशा प्रेक्षकासमोर शे-दोनशे रात्री काढल्यावर माणसाला जी वेळ साधता येते, ती दुसरीकडे कुठे शिकता येत नाही.

याच वर्षी त्यांना पहिला मोठा धक्का बसला, आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. जेफ स्टीव्हन्स या गीतकाराने स्टुडिओतले वादक घेऊन ‘विंचेस्टर कॅथीड्रल’ हे १९२०च्या दशकाच्या ढंगातले गाणे ‘न्यू व्हॉडव्हिल बँड’ या नावाने ध्वनिमुद्रित केले. ते इतके गाजले की अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. अडचण एवढीच होती की त्या नावाचा बँड अस्तित्वातच नव्हता. कार्यक्रमांसाठी माणसे हवी होती म्हणून बॉन्झोंकडे विचारणा झाली. बाकीच्यांनी नकार दिला, ट्रम्पेट वाजवणारा बॉब कर तेवढा तिकडे गेला. त्यानंतर तो नवा बँड दूरचित्रवाणीवर दिसला तो तशाच पोशाखांत आणि तशाच थाटात. ज्यांनी चार वर्षे खपून ही शैली घडवली होती, त्यांनाच लोक आता ‘तुम्ही त्या अमक्या बँडसारखे दिसता’ असे सांगू लागले.

पोशाख, ढंग आणि तोंडाशी कर्णा (मेगाफोन) धरून गाणे एवढ्यावर ज्याची ओळख उभी असते, त्याची ओळख दुसरा माणूस पंधरा दिवसांत उचलू शकतो, हे इथे दिसते. बॉन्झोंनी त्यावर काय केले ते पाहा. त्यांनी तक्रारी करण्यात वेळ घालवला नाही आणि गंभीरही झाले नाहीत. जुन्या नृत्यगीतांचा हट्ट सोडून ते आपल्या काळाच्या रॉक संगीताकडे वळले, विद्युत गिटार घेतल्या, स्वतःची गाणी लिहू लागले आणि विनोदाचा विषय बदलला. पूर्वी ते आजोबांच्या पिढीच्या संगीताची गंमत करत होते. आता स्वतःच्या पिढीच्या संगीताची करू लागले. ऑक्टोबर १९६७मध्ये आलेला ‘गोरिला’ हा त्यांचा पहिला अल्बम या दोन्हींच्या सीमेवर उभा आहे आणि मला आजही तो त्यांचा सर्वोत्तम अल्बम वाटतो.

त्यातले ‘दि इंट्रो अँड दि आउट्रो’ हे गाणे तुमच्या सहाही जणांनी एकत्र बसून ऐकावे. एक संथ, डौलदार जॅझची चाल सुरू होते आणि निवेदक वादकांची ओळख करून देऊ लागतो. प्रथम बँडमधली खरी माणसे येतात, प्रत्येकाच्या नावापाठोपाठ त्याचे वाद्य वाजते. मग हळूच नावे वाढू लागतात : झायलोफोनवर जॉन वेन, व्हायब्राफोनवर हिटलर, आणि अशी ही यादी थांबतच नाही, शेवटी ओळख संपण्याआधीच ध्वनिमुद्रण विरत जाते आणि गाणे सुरू होतच नाही. शब्दांतला विनोद पहिल्याच वेळी कळून संपतो. तरीही मी ते शंभराहून अधिक वेळा ऐकले आहे, कारण त्याखालचे वाद्यसंयोजन खरोखर चांगले आहे. प्रत्येक वाद्य आत येते ते नेमक्या मात्रेवर, आणि स्टॅनशॉलचा आवाज खऱ्या निवेदकाइतका शांत, सभ्य आणि खात्रीशीर आहे. त्याने आवाजात हसू आणले असते, तर सगळे कोसळले असते.

आमच्या कामातला सर्वांत अवघड भाग कोणता, असे मला विचारले तर मी म्हणेन, चुकीचा सूर. ‘कॅनियन्स ऑफ युअर माइंड’ या त्यांच्या गाण्यात स्टॅनशॉल एल्व्हिस प्रेस्लीच्या थाटात विरहाने व्याकूळ होऊन गातो, आणि मध्येच इनेस गिटारचा एक तुकडा वाजवतो, जो इतका वाईट आहे की ऐकणाऱ्याला आधी अवघडल्यासारखे होते आणि मग हसू फुटते. ‘गोरिला’मध्येच एक संपूर्ण जॅझ तुकडा असा मुद्दाम बिघडवलेला आहे. हे ऐकून अनेकांना वाटते की वाईट वाजवायला काय लागते. आमच्या चमूने एकदा असाच समज करून घेतला होता. एका विडंबनात हार्मोनियमवाल्याने शेवटचा सूर अर्ध्या पट्टीने चढा लावायचा, असे ठरले. तालमीत पहिल्या दिवशी सगळे हसले, म्हणून त्यावर पुढे काम केले नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमात तो सूर चुकून चुकल्यासारखा वाटला, प्रेक्षकांनी सहानुभूतीने मान खाली घातली. नंतर आम्ही तो शेवट आठ दिवस बसवला : त्याआधीच्या चार ओळी पूर्ण सुरेल आणि भारदस्त व्हायला हव्यात, शेवटच्या सुरापूर्वी श्वासाएवढी जागा सोडायला हवी, आणि चढा सूर लावणाऱ्याच्या चेहऱ्यावर अभिमान दिसायला हवा. तेव्हा कुठे हशा आला. चुकीचा सूर जागेवर बसवायला बरोबर सुरापेक्षा अधिक तालीम लागते, आणि हा हिशेब बाहेरच्या कोणाला, विशेषतः कार्यक्रम ठरवणाऱ्यांना, पटत नाही.

विषयाची निवडही या बँडने विचारपूर्वक केली. १९६८च्या दुसऱ्या अल्बममध्ये ‘कॅन ब्लू मेन सिंग द व्हाइट्स’ हे गाणे आहे. त्या वेळी इंग्लंडमध्ये ब्लूजची लाट होती. सुखवस्तू घरांतली गोरी मुले अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखाची गाणी रडवेल्या आवाजात गात होती. गोऱ्यांना ब्लूज गाता येतील का, हा प्रश्न या गाण्याने शीर्षकातच उलटा करून विचारला. त्याचा टोला बसला, कारण त्यातले ब्लूज वादन त्या लाटेतल्या कोणत्याही बँडच्या तोडीचे होते. ज्याचे विडंबन करायचे ते आधी तितक्याच ताकदीने करता यावे लागते. तुमच्यातल्या ज्यांना गंभीर संगीत करायचे आहे, त्यांना माझे हे आवर्जून सांगणे आहे की विनोदी बँडमध्ये त्यांची सर्वाधिक गरज आहे.

१९६७च्या अखेरीस बँडचे नशीब एकाएकी उघडले. बीटल्सच्या ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ या चित्रपटात त्यांनी ‘डेथ कॅब फॉर क्यूटी’ हे आपले गाणे सादर केले आणि २६ डिसेंबर १९६७ रोजी बीबीसीवर तो चित्रपट दाखवला गेला. त्याच सुमारास ‘डू नॉट अडजस्ट युअर सेट’ ही मुलांसाठीची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिच्यात एरिक आयडल, टेरी जोन्स आणि मायकेल पेलिन हे तरुण लेखक-नट होते, आणि जवळजवळ प्रत्येक भागात बॉन्झोंचे गाणे असे. हेच तिघे १९६९मध्ये मॉन्टी पायथन या विनोदी नाटुकल्या करणाऱ्या चमूत गेले आणि नील इनेसचा त्यांच्याशी जुळलेला संबंध आयुष्यभर टिकला. प्रसिद्धी मिळाली, हे खरेच. पण भाग पाठोपाठ येत होते, रात्रीचे कार्यक्रम तर चालूच होते, आणि प्रत्येक गाण्यासाठी नवा देखावा, नवी यंत्रे, नवी वेशभूषा लागत होती.

आता त्यांच्या गाजलेल्या गाण्याकडे येतो. ‘आय ॲम द अर्बन स्पेसमॅन’ इनेसने लिहिले. व्यवस्थापक जेरी ब्रॉन स्टुडिओतला वेळ मोजून देत असे, आणि एकल गाण्यासाठी दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ मिळणे कठीण होते. स्टॅनशॉलने हे गाऱ्हाणे बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीच्या कानावर घातले आणि मॅकार्टनीने गाण्याची निर्मिती करायचे कबूल केले. तो स्वतः स्टुडिओत येऊन बसल्यावर घड्याळ दाखवण्याची कोणाची छाती झाली नाही, आणि गाण्याला हवा तेवढा वेळ मिळाला. स्टॅनशॉलने बागेला पाणी घालायच्या रबरी नळीच्या एका टोकाला ट्रम्पेटचे मुखपात्र आणि दुसऱ्या टोकाला नरसाळे बसवले होते. ती डोक्याभोवती गरगर फिरवत तो फुंकत असे. हा आवाज मुद्रित करता येणार नाही, असे तंत्रज्ञांचे म्हणणे होते. मॅकार्टनीने खोलीच्या चारही कोपऱ्यांत मायक्रोफोन लावायला सांगितले. गाण्यावर निर्माता म्हणून मॅकार्टनीचे नाव न देता ‘अपोलो सी. व्हर्माउथ’ असे टोपणनाव छापले, कारण गाणे त्याच्या नावावर खपलेले कोणालाच नको होते. ऑक्टोबर १९६८मध्ये ते बाजारात आले, ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि इनेसला त्यासाठी आयव्हर नॉव्हेलो पुरस्कार मिळाला.

या प्रसंगातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली म्हणजे गाण्याला वेळ मिळाला आणि ते गाजले. हा योगायोग आहे असे मी मानत नाही. दुसरी तुमच्या सध्याच्या अडचणीची आहे. ते गाणे बँडच्या बाकीच्या कामासारखे नव्हते. ते नीटस, गोड चालीचे, अडीच मिनिटांत संपणारे पॉप गाणे आहे, आणि त्यातला खरा विनोद शेवटच्या ओळीत एका वाक्यात येतो. ते ऐकून तिकीट काढून आलेल्या माणसासमोर यंत्रपुतळे, स्फोट आणि विचित्र निवेदने आली, तेव्हा काही जण खूश झाले, काही चक्रावले. गाजलेले गाणे बँडचा दरवाजा असते. आत शिरल्यावर घर वेगळे निघाले तर पाहुणा दारातच उभा राहतो. तुमचे गाजलेले गाणे तुमच्या बाकीच्या गाण्यांसारखे आहे की नाही, हे आधी प्रामाणिकपणे तपासा. नसेल, तर त्याच्या आसपासची दोन गाणी अशी रचा, की ऐकणारा त्या एका गाण्यावरून पायरी पायरीने तुमच्या इतर कामापर्यंत येईल. बॉन्झोंना हे करायला उसंत मिळाली नाही.

१९६९मध्ये त्यांनी ‘टॅडपोल्स’ आणि ‘केन्शम’ असे दोन अल्बम काढले, आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात वाजवले आणि अमेरिकेचे दोन दौरे केले. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये ते किंक्ससारख्या मातब्बर बँडबरोबर एकाच कार्यक्रमात होते. तरीही तिथे त्यांचा जम बसला नाही. ‘केन्शम’ या नावातच त्याचे एक कारण आहे : रेडिओ लक्झेंबर्गवर फुटबॉलच्या पैजा जिंकण्याच्या आपल्या पद्धतीची जाहिरात करणारा एक गृहस्थ आपला पत्ता सांगताना ब्रिस्टलजवळच्या या गावाच्या नावाचे एकेक अक्षर सावकाश उच्चारत असे. ज्याचे बालपण तो रेडिओ ऐकण्यात गेले, त्यालाच या नावाचे हसू येणार. अमेरिकेतल्या श्रोत्याला ते एक गाव वाटणार, बस. विनोद आपल्या मातीतलाच असतो आणि तो तसाच असावा, हे मी मनापासून मानतो. पण मग दुसऱ्या देशात जाताना त्या देशासाठी थोडी वेगळी गाणी बसवावी लागतात, आणि पुन्हा मुद्दा वेळावर येतो.

पैशाचेही सांगायला हवे. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. बॉन्झोंसारख्या बँडचा खर्च साध्या चौघांच्या बँडपेक्षा कितीतरी जास्त असतो : माणसे जास्त, सामान जास्त, पुतळे आणि यंत्रे गाडीत भरायची, उतरवायची, जुळवायची, मोडली तर दुरुस्त करायची. उत्पन्न मात्र इतरांइतकेच. ती तूट भरून काढायला कार्यक्रम वाढवावे लागतात, कार्यक्रम वाढले की तालीम कमी होते, तालीम कमी झाली की जुनेच पुन्हा पुन्हा करावे लागते. गंभीर गाणे पुन्हा ऐकण्यात श्रोत्याला गोडी वाटते. विनोदी प्रसंग तिसऱ्यांदा पाहताना त्याला पुढचे वाक्य पाठ असते. म्हणून विनोदी बँडला इतरांपेक्षा अधिक नवे काम लागते, आणि त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी मोकळा वेळ येतो. दौऱ्यांनी सगळे थकले होते, स्टॅनशॉलच्या मनावरचा ताण वाढत होता, आणि १९७०च्या सुरुवातीला बँड विसर्जित झाला. त्या वेळी गाणी सुचणे थांबले नव्हते, याचा पुरावा १९७२च्या अल्बममध्ये आहे. कराराप्रमाणे एक अल्बम देणे बाकी होते म्हणून काही जण पुन्हा एकत्र आले; त्या अल्बममध्ये स्टॅनशॉलच्या ‘रॉलिन्सन एंड’ या विनोदी कथामालेची सुरुवातीची कथा आहे, जी पुढे बीबीसी रेडिओवर, १९७८च्या अल्बममध्ये आणि १९८०च्या चित्रपटात वाढत गेली. उरकून टाकायच्या कामातून एवढे निघत असेल, तर विहीर आटली होती असे कसे म्हणावे?

माणसांचे नंतर काय झाले, हा तुमचा तिसरा प्रश्न. याचे उत्तर सरळ नाही, कारण दोन प्रमुख माणसांच्या वाटा फार वेगळ्या गेल्या.

इनेस मॉन्टी पायथनच्या मंडळींसाठी गाणी करत राहिला आणि एरिक आयडलबरोबर ‘द रटल्स’ हा बीटल्सच्या विडंबनाचा काल्पनिक बँड उभा केला. १९७८मध्ये त्यावर चित्रपट आला, त्यात बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने स्वतः एका वार्ताहराची छोटी भूमिका केली. त्यासाठी गाणी रचताना इनेसने बीटल्सच्या तबकड्या मुद्दाम पुन्हा ऐकल्या नाहीत, आठवणीतून रचना केल्या. म्हणूनच त्या रचना नकला वाटत नाहीत, बीटल्सची आपण न ऐकलेली गाणी वाटतात. आणि त्या इतक्या चांगल्या उतरल्या, की बीटल्सच्या गाण्यांचे प्रकाशन हक्क बाळगणाऱ्या कंपनीने दावा लावला आणि इनेसला मानधनातला मोठा वाटा सोडावा लागला. पुढे उलटाही प्रसंग आला : ओएसिस या बँडच्या १९९४च्या ‘व्हॉटेव्हर’ या गाण्यातली चाल त्याच्या १९७३च्या गाण्याशी जुळली आणि त्याला सहरचनाकार म्हणून श्रेय मिळाले. २०१९च्या डिसेंबरमध्ये तो वारला तोपर्यंत, म्हणजे बँड मोडल्यावर जवळजवळ पन्नास वर्षे, तो आपली गाणी गात होता. कोणते गाणे कोणी लिहिले याची नोंद असणे किती महत्त्वाचे असते, हे तुम्हाला याहून वेगळे सांगायला नको. तुमच्या सहा जणांत ती लेखी नोंद नसेल, तर ती या आठवड्यात करा; भांडण सुरू झाल्यावर ती करता येत नाही. आमच्या चमूने ती केली नव्हती, आणि दोन जुने मित्र एका कडव्यावरून बोलेनासे झाले.

स्टॅनशॉलची गोष्ट मला सांगताना जड जाते. त्याच्याकडे आवाज होता, भाषा होती, आणि रंगमंचावर नुसता उभा राहिला तरी लोकांचे लक्ष खेचून घेणारे काहीतरी होते. १९७३च्या माइक ओल्डफील्डच्या ‘ट्युब्युलर बेल्स’मध्ये एकेका वाद्याचे नाव घेणारा भारदस्त आवाज त्याचाच; ‘इंट्रो’ची कल्पना तिथे गंभीर रूपात परत आली आणि त्या अल्बमच्या लाखो श्रोत्यांच्या कानी पोहोचली. स्टीव्ह विनवुडच्या ‘आर्क ऑफ अ डायव्हर’ या गाण्याचे शब्दही त्याचेच. पण बँडच्या अखेरच्या काळापासून दारू आणि झोपेच्या-शांततेच्या गोळ्या यांनी त्याला सोडले नाही, आणि मार्च १९९५मध्ये लंडनमधल्या घरी लागलेल्या आगीत तो गेला. रोज रात्री लोकांना हसवायचे ओझे एकाच माणसावर असेल तर बाकीच्यांनी त्याच्याकडे लक्ष ठेवले पाहिजे. तुमच्या बँडमध्ये असा एखादा असेल, तो प्रवासातही सगळ्यांना हसवत असेल, तर तो एकटा असताना कसा असतो, हे जाणून घ्या.

बँड मोडल्यावरही त्याची गाणी इतरांच्या नावांत जगली. न्यूयॉर्कच्या एका संगीत नियतकालिकाने १९७४मध्ये ‘ट्राउझर प्रेस’ हे नाव बॉन्झोंच्या गाण्यावरून घेतले, आणि १९९७मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्थापन झालेल्या एका गंभीर, हळव्या गाण्यांच्या रॉक बँडने आपले नाव ‘डेथ कॅब फॉर क्यूटी’ ठेवले. त्या बँडच्या चाहत्यांपैकी कित्येकांनी मूळ गाणे ऐकलेले नसेल.

२८ जानेवारी २००६ रोजी उरलेले सभासद लंडनच्या ॲस्टोरिया नाट्यगृहात पुन्हा एकत्र आले. स्टॅनशॉलची जागा कोणी घ्यायची, हा प्रश्न होता. त्यासाठी स्टीफन फ्राय, एड्रियन एडमंडसन, पॉल मर्टन आणि फिल ज्युपिटस असे विनोदी नट बोलावले गेले. एकाच्या जागी चार माणसे लागली, यावरून त्याचे मोल कळते. पण ती गाणी त्या चौघांच्या तोंडीही उभी राहिली, लोक हसले आणि पुढच्या वर्षी नव्या गाण्यांचा अल्बमही निघाला. मूळ बँड आठ वर्षे चालला होता. गाणी चाळीस वर्षांनंतर वेगळ्या गळ्यांतून वाजत होती.

तेव्हा गंभीर व्हावे की विनोदी राहावे, यावर मत घेण्याआधी एक प्रयोग करून पाहा. तीन महिने नवे कार्यक्रम घेऊ नका. ते परवडत नसेल, तर महिन्याला दोनच घ्या आणि त्यांत गाजलेले गाणे कार्यक्रमाच्या मध्यावर ठेवा, शेवटी नको, म्हणजे त्यानंतर नवे काही ऐकवायला प्रेक्षक जागेवर असतील. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याला आधी गाण्यांचे शब्द वाचायला द्या आणि ड्रम व गिटार त्या शब्दांच्या खाली ठेवायला सांगा, कारण विनोदी गाण्यात एक शब्द बुडाला की सगळे कडवे वाया जाते. या काळात चार नवी गाणी बसवा आणि प्रत्येक गाणे एकदा तुमच्या मुख्य गायकाऐवजी दुसऱ्या कोणालातरी गायला लावा, त्याच्या लकबी आणि पोशाख सोडून. जे गाणे तसेही हसवील, ते ठेवा. जे हसवणार नाही, त्याची चाल आणि वाद्यसंयोजन पुन्हा हाती घ्या. चारही गाणी तयार झाली की पुन्हा लिहा, आणि शक्य असेल तर तालमीचे ध्वनिमुद्रण पाठवा. मी ऐकून, कुठल्या मात्रेवर काय अडते आहे ते कळवीन.